थोरली, धाकटी आणि भापकर मॅडम

शनिवारी दुपारी ओपीडीची गर्दी ओसरली, की आमच्या हॉस्पिटलात एक विचित्र प्रकार चालतो. वरच्या मजल्यावरून प्रकाश ओरडतो, "पाणी पिऊन घ्या!" आणि केसपेपरच्या खिडकीतली मी, औषधांच्या काउंटरवरची मंडळी, लॅबवाले, अकाउंट्सचे कुलकर्णी काका, सगळे मुकाट्यानं बाटल्या उघडून एकेक घोट घेतो. नव्या माणसाला वाटतं, हा काहीतरी तब्येतीचा उपक्रम असणार. परवा एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तोंडभर कौतुक केलं, "किती छान! सगळ्यांना पाण्याची आठवण करतात." मी म्हटलं, "हो ना, फार काळजी घेतात आमची." आता एवढं सगळं रामायण खिडकीत बसून कुठं सांगत बसू?

रामायण म्हणजे भापकर मॅडम. सुलभा भापकर, आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. हल्ली राहात्याला लेकीकडे असतात. पण इथं होत्या तोवर भिंगारहून पांढऱ्या स्कूटरवर यायच्या, आणि त्या आल्या हे पार्किंगपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना एकदमच कळायचं, असा आवाज. विनय वगैरे भानगड नव्हती. "नगर जिल्ह्यात माझ्यासारख्या वायरी बांधून दाखवा कुणी, मी स्कूटर देऊन टाकीन," असं त्या बाहेरून आलेल्या इंजिनियरांना तोंडावर सांगायच्या. वायरी बांधलेल्याही तशाच असायच्या म्हणा, वेणी घातल्यासारख्या.

मी नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. पाथर्डीकडचे एक आजोबा खिडकीत उभे, मी त्यांचं नाव टाइप करतेय, तेवढ्यात ह्या बाई माझ्या मागे येऊन उभ्या.

"पाणी प्या."

"नको मॅडम, तहान नाही."

"तहानेचं कोण विचारतंय? प्या म्हटलं की प्यायचं."

मी घाबरून बाटली तोंडाला लावली. तेवढ्यात समोरचा पडदा थिजला. नाव अर्धंच. घोट गिळला, तर पडदा पुन्हा चालू. मॅडम माझ्या गळ्याकडे बघत होत्या. "एक घोट. पास," म्हणाल्या आणि गेल्या निघून. आजोबा म्हणाले, "ताई, ह्या बाई डॉक्टर हायेत का पेशंट?" मलाही तोच प्रश्न पडला होता.

नंतर मला त्यांनी वर नेऊन दाखवलं. कुलपातली एक थंडगार खोली, तिच्यात एक लोखंडी कपाट आणि कपाटात एकाखाली एक दोन चपटी खोकी. त्यांना स्विच म्हणतात. हॉस्पिटलातला प्रत्येक कॉम्प्युटर दुसऱ्याशी जे काही बोलतो ते ह्या खोक्यांतून जातं. मॅडमनी त्यांची नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. "ह्या दोघी जावा. थोरली कामाला, धाकटी पदर खोचून तयार. थोरली आजारी पडली की धाकटीनं एका घोटात घर हातात घ्यायचं. दुसरा घोट लागला, तर मग मी आत जाऊन बघते काय दुखतंय ते."

"पण मग मुद्दाम कशाला बंद पाडता? चाललंय ते चालू द्या की."

"अगं शैला, ही धाकटी खरंच उभी राहते की नुसती शोभेला ठेवलीय, हे थोरलीला झोपवल्याशिवाय कळणार कसं? मी झोपवली तर शनिवारी दुपारी, गर्दी नसताना, मी समोर असताना. ती आपली आपण झोपली तर सोमवारी सकाळी, तुझ्या खिडकीत शंभर माणसं असताना. बोल, कुठलं पाहिजे?"

मी गुपचूप शनिवार घेतला.

हे जोडीचं वेड त्यांना वडिलांकडून आलेलं. वडील भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचे. तिथं म्हणे साध्या बोल्टालासुद्धा जोडीदार असायचा. मॅडमनी ते घरी, दारी, पर्समध्ये, सगळीकडे आणलं. डोळ्यांवर एक चष्मा, केसांत एक. दोन कंपन्यांचे दोन फोन, एकाची रेंज गेली तर दुसरा. पाण्याच्या दोन बाटल्या. पावसाळ्यात रेनकोट घालून वर छत्री. रिक्षावालेसुद्धा दोन ठरवलेले, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख करून दिलेली. डबेही दोन आणायच्या, दुसरा ज्याचा राहिला असेल त्याचा. माझा आठवड्यातून दोनदा तरी राहायचाच. त्यांच्या हातची दाण्याचं कूट घातलेली गवारीची भाजी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं मला नावं ठेवू नयेत.

एकदा भर सकाळी सगळे कॉम्प्युटर ठप्प झाले. खिडकीसमोर ही रांग. "ताई, पेपर कधी निघायचा? आमची बस जाईल," "लई वेळ झाला वो," असा गलका. मी हातानं केसपेपर लिहायला घेतले. मॅडम वर गेल्या, कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळे दिवे एकदम नाचताहेत. म्हणजे कुणीतरी टापटीप केलीय."

झालंही तसंच होतं. आमच्या कुलकर्णी काकांना पसारा बघवत नाही. रुमालाच्या घडीलासुद्धा इस्त्री. त्यांनी त्या दिवशी टेबल सरकवलं होतं. टेबलाखाली एका वायरीचं टोक लोळताना दिसलं आणि भिंतीत एक भोक रिकामं दिसलं. बिचाऱ्यांनी टोक त्या भोकात बसवलं. त्या वायरीचं दुसरं टोक आधीच शेजारच्या भोकात होतं. निघाली भिंतीतून, गेली भिंतीत. मॅडम एकेक मजला धुंडाळत तिथं पोचल्या, वाकल्या, ती वायर उपटली, आणि खाली माझा कॉम्प्युटर सुरू झाला.

काका पार ओशाळले. आम्हाला वाटलं आता त्यांची काही खैर नाही. पण मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "काका, समजा तुम्ही शैलाच्या कानात सांगितलं, उद्या सुट्टी आहे. शैलानं ते प्रकाशला सांगितलं. प्रकाशनं परत तुम्हाला. तुम्हाला वाटलं ही नवीनच बातमी, तुम्ही पुन्हा शैलाला. दिवसभर तेच. मग काम कोण करणार? दोन वाटा असल्या, की एकीनं गप्प बसायचं असतं. माझ्या थोरली-धाकटीकडे जाणाऱ्या वायरीसुद्धा तशाच, एक बोलते, एक गप्प. बोलणारी तुटली, की मगच दुसरीनं तोंड उघडायचं. गप्प बसणं हेही कामच आहे."

"तुम्हाला जमतं का ते?" काकांनी विचारलं. सगळं ऑफिस हसलं.

"मला कशाला जमायला पाहिजे? आमच्या घरी ते खातं ह्यांच्याकडे आहे," मॅडम म्हणाल्या.

ते खातं म्हणजे भापकर काका. उंच, टोपी घातलेले, श्रीगोंद्याकडचे, दूध संघातून निवृत्त झालेले. हॉस्पिटलच्या कार्यक्रमांना मॅडमबरोबर यायचे आणि मान हलवायचे. इतक्या वर्षांत आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता. मला तर वाटायचं, गरीब माणूस, बोलायला कधी फटच मिळाली नसेल. मग एकदा डबा परत द्यायला भिंगारला गेले, तर मॅडम बाजारात. काकांनी दार उघडलं आणि जे सुरू झाले! गहू, जावई, दूध संघातली भांडणं, गुडघा, शेजारच्यांचं कुत्रं. "बसा वो शैलाताई, च्या घ्या, तुमाला सांगतो, लई गंमत हाय." माझा चहा निवला, तरी काका पुढच्याच गोष्टीत. आणि बाहेर स्कूटरचा आवाज आला मात्र, वाक्य अर्ध्यात टाकून माणूस गप्प. मॅडम आत येऊन म्हणाल्या, "कंटाळलीस ना गं एकटी? हे काही बोलत नाहीत." मी हसू दाबून मान डोलावली.

आता प्रकाशबद्दल सांगायला हवं, कारण घोडं तिथंच अडलेलं होतं. प्रकाश मॅडमचा सहकारी. शिकलेला, हुशार, दोन मुलांचा बाप. पण मॅडम त्याला त्या कपाटाला बोट लावू द्यायच्या नाहीत. "बघ. हात लावू नको." वर्षानुवर्षं तो बघतच होता. दर शनिवारी थोरलीला झोपवायच्या मॅडम, उठवायच्या मॅडम. आणि मॅडम रजेवर? छे! मॅडमना रजा हा शब्दच ठाऊक नव्हता.

त्यांची लेक अर्चना राहात्याला दिलेली. सासरी पेरूच्या बागा, माणसं भली. अर्चनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. पण तेव्हाच हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं काम निघालं आणि मॅडम दिवसभर वायरींत. बाळंतिणीचं करणार कोण? शेवटी सासरच्यांनीच समजूतदारपणे म्हटलं, राहू दे तिला इकडेच. मॅडम म्हणाल्या, "दोन तासांत राहात्याला पोचते मी. फोन आला की निघते." आणि खरंच बॅग भरून ऑफिसात ठेवली होती. दोन बॅगा.

फोन आला तेव्हा मॅडम माझ्या खिडकीपर्यंत आल्या होत्या, बॅगा हातात. तेवढ्यात वरून जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. थोरलीही गेली, धाकटीही गेली. घोट घेऊन बसलो, दोन घेतले, बाटली संपली. त्याचं असं झालं होतं, की खोलीला रंग देताना रंगाऱ्यांच्या इलेक्ट्रिशियननं दोघींच्या पिना सोयीसाठी एकाच बोर्डात खोचल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या होत्या. मॅडम दर शनिवारी थोरलीतून कॉम्प्युटरची वायर उपटून बघायच्या, विजेच्या पिनेला हात लावायची वेळच यायची नाही. दोघी एकाच ताटात जेवताहेत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तो बोर्ड जळला, दोघी उपाशी.

"मॅडम, तुम्ही निघा. मी करतो," प्रकाश म्हणाला.

"तू बघ नुसता," मॅडम म्हणाल्या, बॅगा माझ्याजवळ टाकल्या आणि पर्समधून चाव्या काढत जिना चढल्या.

सगळं सुरळीत करून खाली आल्या तेव्हा फोनवर नातवाचा फोटो आलेला होता. माझ्या खिडकीशी उभं राहून त्यांनी तो दोन्ही फोनवर पाहिला. "नाक आमच्याकडचं आहे," म्हणाल्या. मग केसांतला चष्मा काढून पुसला, डोळ्यांवरचाही पुसला. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी त्यांच्यासाठी.

बारशाला हॉस्पिटलातून प्रकाशला धरून आम्ही चौघंजण राहात्याला गेलो. मॅडमनी सगळं जोडीनं आणलेलं. दोन कुंच्या, दोन दुपटी, दोन खुळखुळे. विहीणबाई हसून म्हणाल्या, "दोन दोन कशापायी वो?" झालं! मॅडमना तेवढंच हवं होतं. एक बिघडलं तर दुसरं तयार पाहिजे, माझ्या थोरली-धाकटीचंच बघा, असं सुरू झालं. आयाबाया तोंडात पेढा धरून ऐकताहेत. अर्चना पाळण्यापाशी बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "आई, तू सगळ्याची जोडी ठेवलीस. मला आई एकच आहे गं. आणि ती त्या दिवशी आली नाही."

मॅडमनी तोंड उघडलं. काही आलं नाही. भापकर मॅडम गप्प, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाळण्याची कडी तेवढी कुरकुरत होती.

आणि मग दारापाशी बसलेले भापकर काका बोलले. चारचौघांत, बायकोसमोर. "त्या खोलीच्या दोन्ही चाव्या तुझ्याच पर्समधी हायेत की गं."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दोन केल्यास, खरं हाय. पर आडकवल्यास एकाच कडीत. पर्स हरवली म्हंजे दोन्ही गेल्या. आन् त्यो परकास एवढा शिकल्याला गडी, दाराभायेर हुबा. मंग ती जोडी कशाची?" एवढं बोलून काकांनी टोपी सारखी केली आणि पुन्हा गप्प झाले.

मी प्रकाशकडे पाहिलं, प्रकाश छताकडे बघत होता. मॅडमनी पर्स उघडली. कडीत दोन चाव्या होत्या, एकमेकींना चिकटून. मग उठून अर्चनाजवळ गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." तिथं माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

सोमवारी त्या माझ्या खिडकीपाशीच कडीतून चावी सोडवत होत्या. निघेना, नख मोडलं. "घे," त्या प्रकाशला म्हणाल्या.

"मॅडम, खरंच?"

"लवकर घे रे बाबा, माझं मन बदलेल."

मग सुरू झाली प्रकाशची तालीम, आणि तालमीत हाल मॅडमचेच. तो आत काम करायचा आणि ह्या बाहेर येरझाऱ्या घालायच्या, प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर बाप घालतात तशा. "हात लावू नको" हे ओठांवर आलेलं गिळायच्या. पहिल्यांदा त्यानं एकट्यानं शनिवार केला, तेव्हा मॅडम खाली माझ्या शेजारी येऊन बसल्या. वरून बारीकसा आवाज आला, "पाणी पिऊन घ्या." मॅडम भडकल्या. "काय हा आवाज! माशी तरी उठेल का?" आम्ही घोट घेतला. पडदा थिजलेलाच. दुसरा घोट. मॅडम उठल्या, मी त्यांची ओढणी धरली. "बसा." "सोड मला." "बसा म्हणते ना!" तेवढ्यात पडदा चालू झाला. प्रकाश घामाघूम होऊन खाली आला. "दोन घोट लागले मॅडम. एक वायर सैल होती, बसवली." मॅडम "हं" म्हणाल्या आणि दुसरा डबा त्याच्यापुढे सरकवला. माझी गवारीची भाजी गेली ती तेव्हापासून.

अर्चनाचं दुसरं बाळंतपण जवळ आलं, तेव्हा मॅडमची निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. उरलेली सगळी रजा घेऊन त्यांनी आधीच निघायचं ठरवलं. ज्या दिवशी निघायचं, त्याच सकाळी विहीणबाईंचा फोन आला, कळा सुरू झाल्यात, या. मी सामान घेऊन स्टँडवर सोडायला गेले. शिर्डीची गाडी लागलेली होती. काका आत बसले, मॅडम खिडकीशी, मी खाली उभी. ड्रायव्हर चढत होता, तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. प्रकाश.

त्या फोनकडे बघत राहिल्या. मला धडकीच भरली. कारण उचलला असता आणि प्रकाश नुसतं "थोरली" म्हणाला असता, तरी ही बाई बॅगा फेकून खाली उतरली असती. हे मला माहीत होतं, काकांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त मॅडमना. फोन वाजून वाजून थांबला. लगेच पर्समधला दुसरा वाजायला लागला.

"उचलू का गं?" त्यांनी मला विचारलं. भापकर मॅडमनी, मला!

मी काही बोलायच्या आत तोही थांबला आणि माझाच फोन वाजला. प्रकाश घाईत होता. "शैलाताई, थोरली खरंच गेली. लाल दिवा. धाकटीनं काम घेतलंय, सगळं चालू आहे. मॅडमना विचारायचं होतं पुढे काय करू, पण राहू दे. करतो मी. त्यांना सांगू नका." ठेवला.

"काय म्हणतो?" मॅडम खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. डोळे मोठे झालेले.

आता काय सांगावं? खोटं त्यांना चालायचं नाही, आणि खरं सांगायला प्रकाशनं मनाई केलेली. "पाणी पिऊन घ्या म्हणतो," मी म्हटलं.

मॅडमना कळलं. लगेच कळलं. क्षणभर त्या दाराकडे बघत होत्या, उठतात की काय असं मला वाटलं. मग त्यांनी बाटली काढली, माझ्याकडे बघत एक घोट घेतला, सावकाश गिळला. "पास?" त्यांनी विचारलं.

"पास," मी म्हटलं.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, तेव्हा त्यांनी हातातला फोन बंद केला. मग पर्समधून दुसरा काढला आणि तोही बंद केला. दोन्ही काकांच्या हातात दिले. त्यानंतर त्या मला दिसलेल्या नाहीत.

संध्याकाळी मला राहवेना. मॅडमचे दोन्ही फोन बंदच लागत होते. शेवटी काकांना लावला. पहिल्याच रिंगला उचलला आणि सुरू झाले, "आवो शैलाताई, नात झाली, नात! लई ग्वाड हाय. गाडी कोल्हारला थांबली, म्या म्हनलं आता कसं, पर पोचलो वेळंवर. आन् जावई नुसता रडतोय, आन् इथला च्या तर लई भारी..." काका बोलत होते, भिंगारला मॅडम बाजारात असताना बोलले होते तसेच, थांबायचं नावच नव्हतं. मॅडम कुठं आहेत, हे मला विचारावंच लागलं नाही.